साबरमतीचं गांधी स्मारक संग्रहालय : १:२० नमुन्याच्या प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर

काय करायचं ते ठरलं. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या गांधी स्मारक संग्रहालयाचा (अहमदाबाद, काम १९५८ ते १९६३, १० मे १९६३ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन) नमुना, तोही पाणी सोडून तपासता येईल असा. अख्ख्या वास्तूत ६ मी × ६ मी मापाचे ५१ घटक आहेत. सगळे १:२०० ला केले तर प्रत्येक घटक ३० मिमीचा होतो आणि हातात फक्त छपरांची नक्षी उरते. विटेचा खांब, काँक्रीटची पन्हळ आणि कौलारू छप्पर जिथे एकत्र येतात, तो सांधा दिसायला हवा. म्हणून १:२०, म्हणजे एक घटक ३०० मिमी, आणि ३ × ३ असे नऊ घटक. मूळ आराखड्यातला एखादा तुकडा जसाच्या तसा उचललेला नाही. वास्तूतल्या सगळ्या परिस्थिती एका जागी आणणारा हा संच आहे.

मांडणी (अ ओळ उत्तरेला, ३ हा स्तंभ पूर्वेला):
अ१ बंद खोली. अ२ उघडी पडवी. अ३ झडपांची खोली.
ब१ उघडी पडवी. ब२ जलकुंड, वर आकाश. ब३ झडपांची खोली.
क१ मोकळं अंगण. क२ उघडी पडवी. क३ मोकळं अंगण.

म्हणजे छपरं ६, उघडे चौक ३. एका ओळीत कुठेही सलग तीन बंद खोल्या येऊ द्यायच्या नाहीत, हा एकच नियम. मूळ वास्तूत चालणारा माणूस सावली, ऊन, पाणी, पुन्हा सावली असा भटकत जातो. सरळ दालन मिळालं की ती चाल मोडते.

९ नोव्हेंबर

मोजणी. पन्हळ फक्त छपराच्या कडेला येते. नऊ चौकोनांच्या जाळीत एकूण २४ कडा. त्यातल्या क१ आणि क३ च्या बाहेरच्या दोन-दोन कडांना छप्पर नाही, त्या वजा. पन्हळी २०. खांब १६ ऐवजी १४, कारण दक्षिणेचे दोन्ही कोपरे रिकामे राहतात.

सांध्यांची वर्गवारी: चौमुखी ४ (कुंडाभोवतीचे), तिमुखी ४, दुमुखी ६. तोंडांची बेरीज १६ + १२ + १२ = ४०, म्हणजे २० पन्हळींची ४० टोकं. हिशेब जुळला. सांध्याचे साचे या वर्गवारीवरून करायचे असल्याने इथे एक जरी चुकला तरी ओतकाम संपल्यावरच कळतं.

छपरांच्या बाजू २४ (६ × ४). चार पन्हळींना दोन्हीकडून पाणी मिळतं, १६ पन्हळींना एकाच बाजूने.

१२ नोव्हेंबर

पाण्याचं गणित आधी, वस्तू नंतर.

एका छपराचं आडवं क्षेत्र ३६ चौ.मी. ताशी १०० मिमी पाऊस धरला तर तासाला ३,६०० लिटर, म्हणजे सेकंदाला बरोबर १ लिटर. एका पाख्याच्या (छपराच्या एका उतरत्या बाजूच्या) वाट्याला ९ चौ.मी. येतं, म्हणून एकेरी पन्हळीत सेकंदाला पाव लिटर आणि सामाईक पन्हळीत अर्धा. नमुन्यासाठी पन्हळीचं माप धरलं: बाहेरून ४०० × ३०० मिमी, भिंत ७५ मिमी, आत २५० मिमी रुंद आणि २२५ मिमी खोल. शंभरास एक उतारावर अर्धा लिटर पाणी या पन्हळीत एक सेंटिमीटरसुद्धा चढत नाही. पाण्यासाठी एवढी मोठी पन्हळ लागतच नाही. ती मोठी आहे, कारण ती ६ मीटर गाळ्याची (दोन खांबांमधल्या अंतराची) तुळई आहे. दोन्ही उभ्या भिंती तुळईचं काम करतात आणि पाणी त्यांच्या मधल्या जागेतून फुकटात वाहतं. कोरियांनी या एका अवयवाला दोन कामं लावली आणि तिसरंही: पुढे इमारत वाढवायची झाली तर नवा घटक याच पन्हळीला येऊन चिकटतो.

अडचण खोलीची नाही, उताराची आहे. प्रत्येक गाळ्याला ६० मिमी उतार. पाणी एकामागून एक तीन गाळे फिरवलं तर १८० मिमी उतार खर्ची पडतो आणि वरच्या टोकाला पन्हळीची खोली ४५ मिमी उरते. कडुनिंबाच्या काड्यांचा एक गुंता तेवढ्याला पुरेसा आहे. म्हणून नियम: पाणी दोन गाळ्यांच्या आत बाहेर पडलं पाहिजे.

१३ नोव्हेंबर

उतारांचा नकाशा. चौमुखी सांध्याला बाहेर जायला दिशाच उरत नाही, चारही बाजूंना पन्हळी असतात. त्यामुळे पाणी सोडायची तोंडं फक्त परिघावरच्या १० सांध्यांना. कुंडाभोवतीच्या चार पन्हळी घड्याळाच्या दिशेने एकेका चौमुखी सांध्याकडे, तिथून बाहेर जाणाऱ्या दोन पन्हळींनी परिघाकडे. सगळ्यात लांब वाट दोन गाळ्यांची.

कुंडाच्या बाजूच्या पन्हळीला मधोमध खाच मारून पाणी थेट कुंडात पाडायचा मोह सगळ्यांनाच होतो, दिसायलाही छान दिसतं. पण साध्या टेकूवरच्या तुळईत मधोमध वरच्या कडेवर दाब सर्वात जास्त असतो आणि इथे ती कड म्हणजेच पन्हळीच्या भिंतीचा माथा. नेमका तोच कापायचा म्हणजे तुळईचा कणा कापणं. तोंड काढायचं तर टेकूजवळ, खांबाच्या पलीकडे.

२१६ चौ.मी. छपराला १० तोंडं. सरासरी एका तोंडाला सेकंदाला ०.६ लिटर.

१८ नोव्हेंबर

खांब. नमुन्यात दीड विटेचा चौकोनी खांब धरला: ३४५ मिमी, म्हणजे १७.२५ मिमी. वीट २३० × ११५ × ७५, दर्जा (दोन विटांमधला सांधा) १० मिमी. एक थर ४.२५ मिमी, २५ थरांचा खांब १०६ मिमी (प्रत्यक्षात २.१२५ मी).

सुट्या विटा रचण्यात अर्थ नाही. एकच मूळ खांब केला: ३ मिमी अ‍ॅक्रिलिकच्या चार बाजू, दर्जांच्या रेषा लेझरने ०.५ मिमी रुंद, ०.३ मिमी खोल. कोपरे ४५ अंशांत घासून जोडले. दर्जाची आडवी रेषा कोपऱ्यावर जुळली नाही तर ओतलेल्या प्रत्येक खांबावर ती चूक उमटते. जोडताना पट्टी लावून २५ च्या २५ रेषा तपासाव्या लागतात.

सिलिकॉनचे साचे दोन, प्रत्येकी सुमारे १६० मिली. ओतायला दंतवैद्यक वापरतात तो डेंटल स्टोन, १०० ग्रॅमला ३० मिली पाणी. रंगासाठी गेरू, वजनाच्या ३ टक्के. जास्त गेरू घातला की रंग खुलतो पण कोपरे भुगा होतात. गेरू आधी कोरड्या भुकटीत चाळणीने मिसळायचा. पाण्यात कालवून घातला तर गाठी राहतात आणि खांबावर भाजल्यासारखे डाग पडतात. एका खांबाला ३२ घन सेंमी माल, वजन साधारण ७० ग्रॅम; १४ खांब आणि चार जादा धरून सव्वा किलो भुकटी पुरते. साचा उभा ठेवून खालून भरत यायचं. वरून एकदम ओतलं तर तळाच्या कोपऱ्यांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि खांबाचा पाया कुरतडलेला दिसतो.

दर्जा पांढऱ्या सिमेंटच्या पातळ लगद्याने भरून लगेच ओल्या फडक्याने पुसल्या. दहा मिनिटं थांबलं तर विटेवर पांढरी साय चढते.

२६ नोव्हेंबर

पन्हळी. मापं २० × १५ मिमी, भिंत ३.७५, लांबी २८० (दोन्ही टोकांना २० मिमीचे सांधे वेगळे). पांढरं सिमेंट १ भाग, संगमरवराची बारीक भुकटी २ भाग, तळाच्या कोपऱ्यांत १ मिमी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार दोन. एका पन्हळीला ४५ घन सेंमी, वीस पन्हळींना सुमारे ९०० घन सेंमी. सांधे, उताराचा थर आणि तूटफूट धरून दीड लिटर माल कालवला.

आतला उतार साच्यातच दिला: तळ एका टोकाला ३.७५ मिमी, दुसऱ्या टोकाला ६.५ मिमी. प्रत्येक पन्हळीवर खालच्या बाजूने पेन्सिलीने बाण काढणं सक्तीचं. पावणेतीन मिमीचा फरक डोळ्यांना कळत नाही, आणि वीस पन्हळी एकसारख्या दिसतात.

साच्यातून काढताना भिंतीचा माथा उडतो. त्यावर दोन उपाय लागू पडले: आतल्या गाभ्याला दोन्ही बाजूंनी किंचित निमुळता आकार, आणि २४ तासांऐवजी ४८ तासांनी सोडवणं. नंतर पाच दिवस ओल्या गोणपाटात. एका बाजूने वाळू दिल्या तर पन्हळी धनुष्यासारख्या वाकतात. सपाट काचेवर ठेवून वर ओलं कापड, आणि दिवसातून एकदा उलटवणं.

४ डिसेंबर

जोतं आणि तळ. तळाला १२ मिमी प्लायवूड, १२०० × १२०० मिमी, खाली ५० मिमी चौकट. प्लायचंच वजन ११ किलोच्या आसपास जातं. मूळ वास्तूत जोतं जमिनीपासून साधारण एक फूट वर आहे. नमुन्यात १५ मिमी. फरशीला कोटा दगडाच्या रंगाचं जाड कार्ड नको, पाण्याच्या चाचणीत फुगतं. २ मिमी सनबोर्डवर (प्लॅस्टिकच्या हलक्या फळीवर) रेषा ओढून राखाडी-हिरव्या तीन छटा दिल्या.

कुंड: ३ मिमी अ‍ॅक्रिलिकचं २८० मिमी चौरस ताट, कडा क्लोरोफॉर्मने जोडलेल्या. हे काम खिडकीजवळ, पंखा बाहेरच्या दिशेने लावून.

९ डिसेंबर

छप्पर. चौपाखी, उतार ३० अंश. इथे मापं नेमकी लिहून ठेवणं गरजेचं, कारण नकाशावरची लांबी आणि पाख्याची लांबी यांत गल्लत होते.

तळाची कड २९२ मिमी. निम्मी १४६. शिखराची उंची १४६ × ०.५७७ = ८४ मिमी. पाख्याची तिरपी उंची १६८.६ मिमी (१४६ नव्हे). कोनवाशाची (दोन पाख्यांच्या जोडावरच्या तिरप्या कडेची) लांबी २२३ मिमी. शेजारच्या दोन पाख्यांमधला कोन १३८.६ अंश, म्हणून प्रत्येक त्रिकोणाची तिरपी कड काटकोनापासून २०.७ अंशांनी घासायची.

२९२ हा आकडा कुठून आला तेही. पन्हळीच्या मध्यापासून भिंतीची आतली बाजू ६.२५ मिमीवर. छप्पर २८६ केलं तर वळचण भिंतीच्या माथ्यावर संपते आणि पाणी भिंतीच्या बाहेरून खोलीत उतरतं. २९२ केल्यावर वळचण पन्हळीत सव्वादोन मिमी आत जाते (प्रत्यक्षात ४५ मिमी) आणि समोरासमोरच्या वळचणींत ८ मिमी फट राहते, म्हणजे १६० मिमी; माणसाचा हात पाला काढायला जेमतेम जातो. त्याहून पुढे वळचण नेली की पन्हळ साफ करता येत नाही.

पाणी खेळवायचं असल्याने एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) बाद. ३ मिमी सनबोर्ड वापरला. सनबोर्ड म्हणजे फुगवलेलं पीव्हीसी. ते लेझरवर अजिबात कापायचं नाही, क्लोरीनयुक्त विषारी धूर निघतो आणि यंत्रही गंजतं. पत्र्याचा त्रिकोणी साचा करून पात्याने कापलं. २४ त्रिकोण उलटसुलट लावले तर ८ × ४ फुटी बोर्डातून १६९ मिमी रुंदीच्या दोन पट्ट्यांत बसतात, एका पट्टीत बारा, लांबी १.९ मी.

आतल्या बाजूला सागवानी व्हेनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा), फळ्यांच्या रेषा वळचणीला समांतर. मूळ वास्तूत आतून लाकूड दिसतं.

कौलं: ०.५ मिमी पॉलिस्टायरीनच्या २० मिमी पट्ट्या, १६ मिमी अंतराने, एका पाख्यावर १० ओळी, खालून वर. प्रत्येक पट्टीवर ११.५ मिमीवर उभी रेष. एकूण ३५ मीटर पट्टी, कोपऱ्यांची काटछाट धरून ४० मीटर. सगळ्यात खालची पट्टी सनबोर्डाच्या कडेपेक्षा अर्धा मिमी पुढे. तसं केलं नाही तर पाणी कडेला चिकटून मागे वळतं. शिखराची टोपी सुटी ठेवली, छप्पर उचलायला तीच मूठ.

चौकोनांवर चौपाखी छपरं मांडायची ही कल्पना अमेरिकी वास्तुविशारद लुई कान यांच्या ट्रेंटन इथल्या स्नानगृहात (१९५५) आहे, चार चौकोन आणि मध्ये उघडं अंगण. दोन्हींचे आराखडे शेजारी ठेवले की फरकही दिसतो: तिथली आकृती सममित आणि पूर्ण झालेली, साबरमतीची मुद्दाम अपुरी.

१६ डिसेंबर

झडपा. मूळ वास्तूत काच नाही. उजेड आणि वारा लाकडी झडपांतून येतो. झडपांच्या बाजू पाच: अ३ च्या तीन, ब३ च्या दोन. प्रत्येक बाजूला ७० मिमीच्या चार चौकटी, प्रत्येकीत ४ मिमी अंतराने २४ पात्या. एकूण ४८० पात्या, ५ मिमी रुंद, ०.६ मिमी व्हेनियर, ४५ अंशांत.

हाताने अंतर राखता येत नाही. २ मिमी अ‍ॅक्रिलिकचा कंगवा लेझरने कापून घेतला, खाचा ०.७ मिमी. लेझरची रेघ स्वतःच ०.२ मिमी रुंद असते, म्हणून रेखाटनात खाच ०.५ काढायची. व्हेनियरला कापण्याआधी लाखेचा एक हात. नंतर दिला तर पात्या एकमेकींना चिकटतात. गोंद सुईच्या टोकाने. कंटाळवाणं काम, त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

२१ डिसेंबर

उन्हाची चाचणी. अहमदाबादचं अक्षांश २३ अंश, कर्कवृत्ताच्या जरासं खाली. २१ जूनला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर (८९.६ अंश), २१ डिसेंबरला ४३.५ अंश. पुण्यात आज दुपारी सूर्य ४८ अंशांवर, म्हणून तळाची दक्षिण कड ९४ मिमी उचलली की नमुन्याला अहमदाबादचं ऊन मिळतं. जूनचा कोन असा तिरपा करून मिळत नाही. त्यासाठी अंधाऱ्या खोलीत लांबवरचा दिवा.

डिसेंबरच्या दुपारी क२ च्या पडवीत ऊन पन्हळीच्या कडेपासून ११२ मिमी आत आलं, म्हणजे २.२ मी. सहा मीटरच्या पडवीत पुढचा एक तृतीयांश उन्हात, मागचा सावलीत. थंडीत बसायला हेच हवं. जूनच्या कोनात फरशीवर ऊनच नाही.

पश्चिमेचं चित्र वेगळं. सूर्य १५ अंशांवर उतरला की ऊन ७.९ मी आत जायला बघतं, म्हणजे ब१ ची पडवी ओलांडून थेट कुंडावर पडतं आणि पाण्यावरून उसळून ब३ च्या छपराच्या लाकडावर हलत राहतं. दिसायला सुंदर, पण उन्हाळ्यात नकोसं. पडवीला तिथे भिंत घातली तर वारा अडतो. हे काम झाडांचंच.

२४ डिसेंबर

झाडं. १:२० ला ९ मीटरचा कडुनिंब ४५० मिमी होतो आणि इमारतीचं शिखर २२० मिमीवर संपतं. नमुने करणारे सहसा झाडं बुटकी करतात, इमारत झाकली जाऊ नये म्हणून. इथे तसं करणं म्हणजे वास्तूबद्दल खोटं बोलणं. शिखर इतकं खाली ठेवल्यामुळेच ही इमारत झाडांच्या खाली नांदते आणि शेजारच्या हृदयकुंजाच्या अंगावर येत नाही. १९१८ ते १९३० गांधीजी जिथे राहिले त्या बैठ्या घराशेजारी काही बांधायचं तर उंची हाच पहिला निर्णय. पणजीची कला अकादमी पाहिलेल्यांना मांडवीकाठी अशीच आडवी पसरलेली इमारत आठवेल, तीही कोरियांचीच.

तांब्याच्या तारेचे पीळ, त्यावर गोंद आणि लाकडाचा भुसा, पाल्याला रंगवलेला बारीक स्पंज. झाडं चार, सगळी खुंटीवर, पाण्याच्या चाचणीला काढता येतील अशी. दोन पश्चिमेला, ब१ समोर.

२ जानेवारी

पाण्याची चाचणी. प्रवाहाच्या नियमाने वेग मोजमापाच्या वर्गमुळात घटतो, म्हणून ताशी १०० मिमी पावसासाठी १:२० ला ताशी २२ मिमी. सहा छपरांना मिळून मिनिटाला २०० मिली. एवढ्या थोड्या पाण्याचे नुसते थेंब बसतात. पृष्ठताण लहान मापाला जुमानत नाही. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थेंब आणि पाचपट पाणी, म्हणजे मिनिटाला एक लिटर, बारीक भोकांच्या झारीने. आकडे अर्थातच प्रत्यक्षाचे नव्हेत, वाटा मात्र खऱ्या कळतात.

काय दिसलं: उतार सगळीकडे बरोबर, पाणी कुठेही साचलं नाही. गळती दोन ठिकाणी, दोन्ही चौमुखी सांध्यांवर, पन्हळ आणि सांधा यांच्या मधल्या रेषेत. सिमेंटच्या लगद्याने भरलेली रेषा पन्हळ जराशी हलली तरी फुटते. तिथे पॉलियुरेथेन सीलंट लागतं. प्रत्यक्ष बांधकामातही अशा सांध्यात कडक माल भरला की उन्हाने काँक्रीट फुगून-आकसून तो पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांत तडकतो. दुसरी गोष्ट तोंडांची. पाणी ओठावरून खाली पडण्याऐवजी ओठाखालून मागे वळून विटेच्या खांबावर उतरतं. ओठाच्या खालच्या बाजूला, कडेपासून २ मिमीवर १ मिमीची आडवी खाच घासल्यावर धार तुटून पडली. खांबावर हिरवट पट्टे दिसले की आधी ही खाच शोधावी. बहुतेक वेळा रंगाच्या थराने बुजलेली असते.

मग चिमूटभर चहाची भुकटी छपरांवर टाकून पुन्हा पाणी. भुकटी पन्हळीत कुठेच थांबली नाही, दुमुखी सांध्यांच्या आतल्या कोपऱ्यात थांबली, जिथे प्रवाह काटकोनात वळतो. तो कोपरा गोल करून घेतला, त्रिज्या ४ मिमी.

अहमदाबादला वर्षाला साधारण ८०० मिमी पाऊस पडतो. एका छपरावरून २८,८०० लिटर. तोंडाखाली मातीच ठेवली तर खड्डा पडतो आणि जोत्यावर चिखल उडतो. प्रत्येक तोंडाखाली १५ मिमी खोल गोट्यांचा चौकोन केला.

११ जानेवारी

वाढीची चाचणी. क१ च्या मोकळ्या अंगणावर सातवा छपराचा घटक चढवला. सुट्या एकट्या घटकाला चार खांब आणि चार पन्हळी लागतात. इथे लागला एक खांब (नैऋत्य कोपऱ्याचा), दोन पन्हळी आणि एक छप्पर. उरलेल्या दोन बाजू ब१ आणि क२ च्या पन्हळींनी आधीच दिलेल्या होत्या.

पण हे जमतं तोंडांच्या दिशा आधी ठरवल्या असतील तरच. क१ ला लागून असलेल्या दोन दुमुखी सांध्यांना प्रत्येकी दोन दिशा मोकळ्या होत्या. पश्चिमेच्या सांध्याचं तोंड पश्चिमेला आणि दक्षिणेच्या सांध्याचं दक्षिणेला काढलं होतं, म्हणून नवा घटक आल्यावरही दोन्ही चालू राहिली. तोंडं अंगणाच्या बाजूने काढली असती तर ती नव्या पन्हळीत जाऊन बंद झाली असती आणि उतार उलटे करावे लागले असते. नव्या खांबावर तिसरं तोंड, पश्चिमेला.

सामाईक झालेल्या दोन पन्हळींत पाणी ९ चौ.मी.वरून १८ वर गेलं, खोलीत फरक जाणवण्याइतकाही पडला नाही. जुन्या घटकांच्या वळचणीसमोर नवी वळचण आल्याने साफसफाईची फट मात्र उघड्याची ८ मिमी झाली. क३ साठी एक खांब, दोन पन्हळी आणि छप्पर तयार करून पेटीत ठेवलं. पन्हळींवर बाण काढलेले आहेत, उताराचं टोक आग्नेय कोपऱ्याकडे.